नाव झाका, मग कार्ड वाचा : स्ट्रॅट-ओ-मॅटिकमधला आउटफिल्डर पारखण्याची रीत

शाळेत मागच्या बाकावर आपण पुस्तक उघडून क्रिकेट खेळायचो. पानाचा शेवटचा आकडा चार आला की चौकार, शून्य आलं की आउट. त्यात गावसकर आणि चंद्रशेखर सारखेच खेळायचे, कारण पुस्तकाला खेळाडू ओळखता येत नाही. स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल या फासे आणि कार्डांच्या बैठ्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड असतं, आणि त्याच्या त्या वर्षाच्या खऱ्या कामगिरीवरून ते बेतलेलं असतं. हॅल रिचमन या न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकमधल्या मुलाला वयाच्या अकराव्या वर्षी चकती फिरवून खेळायचा बेसबॉल पटेना. दोन फाशांची कोणती बेरीज किती वेळा पडते याची टिपणं काढत त्यानं स्वतःचा खेळ रचला आणि १९६१ साली तो बाजारात आणला. कार्ड पारखायचं ते याच वाटेनं, दानं मोजत.

मी अमेरिकेत आल्यावर या खेळात पडलो. आमच्या लीगमध्ये प्रत्येक जण एकेका संघाचा मॅनेजर असतो आणि आपसांत खेळाडूंच्या कार्डांची अदलाबदल करतो. पहिल्याच हंगामात एका गाजलेल्या आउटफिल्डरसाठी (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) दोन चांगले पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज, देऊन बसलो. कार्डावर होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाऊन थेट धाव देणारे फटके, ठळक अक्षरांत छापलेले असतात, तेवढेच मला दिसले. बेसबॉलमध्ये तीन बेस, म्हणजे टप्पे, ओलांडून घरी परतलं की एक धाव. हंगामभर तो माणूस बेसवर यायचाच कमी, आणि आला की पुढचे बॅटर त्याला घरी आणायच्या आत डाव संपायचा. मग एका रविवारी पेन्सिल घेऊन बसलो आणि त्याचं कार्ड ओळीओळीनं मोजलं. ते काम अदलाबदलीच्या आधी करायला हवं होतं. ती मोजणी कशी करायची, ते पुढे सांगतो.

आधी खेळाची घडी

बॅटरच्या कार्डावर १, २, ३ असे तीन रकाने असतात, पिचरच्या कार्डावर ४, ५, ६. एक पांढरा आणि दोन लाल फासे एकदम टाकायचे. पांढरा फासा रकाना ठरवतो, दोन लाल फाशांची बेरीज ओळ ठरवते. म्हणजे निम्म्या वेळा निकाल बॅटरच्या कार्डावरून वाचला जातो, निम्म्या वेळा पिचरच्या. हे पक्कं डोक्यात ठेवा. कितीही मोठा बॅटर असला तरी अर्धा खेळ त्याच्या हातात नाही.

१९७२ पासूनच्या प्रगत खेळात कार्डाचे दोन भाग पडतात, एक डावखुऱ्या पिचरविरुद्ध आणि एक उजव्या. या लेखात सगळीकडे हीच प्रगत बाजू धरली आहे. साध्या बाजूवर सुरुवातीला खेळा, पण कार्डाची किंमत तिच्यावरून ठरवू नका.

पायरी पहिली : अंगठ्यानं नाव झाका आणि १०८ मोजा

दोन फाशांची एकूण ३६ दानं होतात. बेरीज २ येण्याचं दान एकच, ३ येण्याची दोन, ४ ची तीन, ५ ची चार, ६ ची पाच, ७ ची सहा, आणि तिथून उतरत ८ ची पाच, ९ ची चार, १० ची तीन, ११ ची दोन, १२ चं पुन्हा एक. एका रकान्यात ३६ दानं, तीन रकाने मिळून १०८. पिचरच्या कार्डाची १०८ धरली की एकूण २१६.

म्हणून ओळीत काय लिहिलंय याआधी ओळ कितवी आहे ते पाहा. १२ व्या ओळीतला ठळक होमरन एका दानाचा. ६ व्या ओळीतला साधा वॉक (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) पाच दानांचा, आणि तो तुम्हाला जास्त सामने जिंकून देईल.

समजण्यासाठी मी एक रकाना रचला आहे. तो कुठल्याही खऱ्या खेळाडूचा नाही. त्यात सिंगल म्हणजे फटक्यावर एक बेस, डबल म्हणजे दोन. स्ट्राइकआउट, पॉपआउट, लाइनआउट, ग्राउंडबॉल (जमिनीवरचा फटका) आणि फ्लायबॉल (उंच फटका) हे सगळे आउट. शॉर्टस्टॉप हा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक.

२ : स्ट्राइकआउट
३ : पॉपआउट
४ : होमरन १–१२, डबल १३–२०
५ : होमरन
६ : वॉक
७ : शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडबॉल-ए
८ : सिंगल, दोन तारे
९ : स्ट्राइकआउट
१० : फ्लायबॉल-बी
११ : वॉक
१२ : लाइनआउट

चौथ्या ओळीत निकालाचे दोन तुकडे आहेत. तिथे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. त्या ओळीची तीन दानं, त्यांतला १२/२० भाग होमरनचा, म्हणजे १.८. उरलेला १.२ डबलचा. पाचव्या ओळीची चार दानं पुरती होमरनची. एकूण होमरन ५.८, डबल १.२, सिंगल ५, वॉक सहाव्या ओळीचे पाच आणि अकराव्याचे दोन मिळून ७. म्हणजे ३६ पैकी १९ वेळा हा माणूस बेसवर. सिंगलपुढचे दोन तारे म्हणजे बेसवरचे धावपटू आपोआप दोन बेस सरकतात. एक तारा असेल तर एकच. त्याचाही फायदा आहे, पण पहिल्या मोजणीत तो सोडून द्या.

तिन्ही रकाने असे मोजायचे. पहिल्या कार्डाला अर्धा तास लागेल, दहाव्याला पाच मिनिटं. वॉकच्या शेजारी छापलेला ‘बॉल अंगाला लागला’ हा निकालही वॉकमध्येच धरा.

पायरी दुसरी : मोजलेल्याला भाव लावा

नुसती संख्या पुरत नाही, कारण वॉक आणि होमरन एका मापाचे नाहीत. आकडेशास्त्राच्या अंगानं बेसबॉल पाहणारे लोक प्रत्येक निकालाला धावांच्या हिशेबानं वजन देतात. ती वजनं मी जरा गोल करून वापरतो : वॉक ०.७, सिंगल ०.९, डबल १.२५, ट्रिपल (तीन बेस) १.६, होमरन २. आउटला शून्य.

वरच्या रकान्याला ती लावू. वॉक ७ गुणिले ०.७ म्हणजे ४.९. सिंगलचे ४.५. डबलचे १.५. होमरनचे ११.६. एकूण २२.५.

होमरन हा सिंगलच्या चौपट नाही, सव्वादोन पटीच्या आसपास आहे. वॉक सिंगलच्या फार मागे नाही. माझी पहिली चूक इथेच होती. मी मनातल्या मनात होमरनला चार आणि वॉकला जवळजवळ शून्य देत होतो.

आता ग्राउंडबॉल-ए. पहिल्या बेसवर माणूस असताना आणि दोन आउट झालेले नसताना हा निकाल आला की डबल प्ले, एका चेंडूवर दोन बळी. जुने खेळाडूसुद्धा ‘ए’ दिसला की दचकतात. पण असा प्रसंग बॅटरच्या साधारण चार-पाच पाळ्यांत एकदाच येतो. बाकीच्या वेळी तो साधा आउटच असतो. म्हणून मी प्रत्येक ‘ए’ दानामागे ०.१ वजा करतो. आपल्या रकान्यात सहा दानं आहेत, ०.६ कमी, उरले २१.९. याचा अर्थ असा की वीस ‘ए’ दानं मिळून होमरनच्या एका दानाइतकं नुकसान करतात. हा बॅटर तुम्ही चौथ्या क्रमांकावर, बेसवर भरपूर येणाऱ्यांच्या मागे खेळवणार असाल तर ०.१ च्या जागी ०.१५ घ्या. त्यापलीकडे घाबरू नका.

ग्राउंडबॉल-बी आणि सी, फ्लायबॉल-ए, बी, सी यांच्यात फरक आहेच. फ्लायबॉल-ए वर धावपटू पुढे सरकतात, सी वर कोणी हलत नाही. दोन कार्डं अगदी बरोबरीत आली तर तेव्हा ते मोजा. एरवी वेळ घालवू नका.

पायरी तिसरी : डावा आणि उजवा, दोन वेगळी कार्डं समजा

तिन्ही रकान्यांची अशी बेरीज म्हणजे कार्डाचे गुण. ही मोजणी दोन्ही भागांसाठी वेगवेगळी करायची आणि मग आपल्या लीगच्या मापानं मिसळायची. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, डावखुऱ्या पिचरविरुद्धच्या पाळ्या साधारण चौथा हिस्सा किंवा थोड्या जास्त असतात. तुमच्या लीगमध्ये तसंच असेल असं नाही. आठ संघांची छोटी लीग असेल तर प्रतिस्पर्ध्यांचे पिचर हातानं मोजून घ्या.

समजा एका आउटफिल्डरला डावखुऱ्यांविरुद्ध ६२ गुण मिळाले आणि उजव्यांविरुद्ध ५४. पंचवीस टक्के डावखुरे धरले तर ५६. तुमच्या लीगमध्ये ते चाळीस टक्के असतील तर ५७.२. फार फरक पडत नाही, आणि ताऱ्याची, म्हणजे खऱ्या बड्या खेळाडूची, ओळख तीच आहे. दोन्ही बाजूंना तो खेळतो. ७० आणि ४२ असे गुण असलेलं कार्डही सरासरीला ठीक दिसेल, पण समोरचा मॅनेजर आठव्या डावात नेमका उलट्या हाताचा पिचर आणेल आणि तुमच्यासमोर ४२ गुणांचा माणूस उभा असेल. निर्णायक क्षणी बाजू निवडायची संधी प्रतिस्पर्ध्याला असते. त्यामुळे दोन बाजूंत दहापेक्षा जास्त अंतर असेल तर मी सरासरीतून एखादा गुण कापतो.

इथेच आणखी एक बारीक अक्षर बघायचं, ताकदीचं. प्रत्येक बाजूला एन किंवा डब्ल्यू लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे दुबळा : पिचरच्या कार्डावर होमरन आला तरी या बॅटरला सिंगलच मिळतो. मोठ्या बॅटरला बहुतेक एन असतो म्हणून लोक बघत नाहीत. पण कधीकधी एका बाजूला डब्ल्यू सापडतो, आणि तो सापडला की पिचरच्या १०८ दानांतून येणारे होमरन त्या बाजूला गेलेच म्हणून समजा.

पायरी चौथी : खऱ्या आकड्यांशी ताळा करा

या पायरीवर मी रेंगाळणार आहे, कारण कार्डाच्या मुळाशी काय आहे ते इथे कळतं.

खेळाचा हिशेब असा आहे : बॅटर सरासरी पिचरांविरुद्ध खेळला तर त्याची खरी कामगिरी परत यायला हवी. पिचरच्या निम्म्या बाजूनं लीगची सरासरी येते. उरलेलं सगळं बॅटरच्या निम्म्या कार्डावर बसवावं लागतं. म्हणून कार्डावरचं प्रमाण = खेळाडूच्या प्रमाणाची दुप्पट वजा लीगची सरासरी.

रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, अटलांटा ब्रेव्ह्ज, २०२३. राइट फील्डर, म्हणजे उजव्या बाजूचा आउटफिल्डर, ४१ होमरन आणि ७३ बेसचोऱ्या (फटक्याविना पळून बळकावलेले बेस). एका हंगामात ४० होमरन आणि ७० चोऱ्या हा मेळ त्याच्याआधी कुणालाही जमला नव्हता. ७३५ पाळ्या, २१७ हिट (बेस मिळवून देणारे फटके), त्यांत ३५ डबल आणि ४ ट्रिपल, ८० वॉक, ९ वेळा बॉल अंगाला. बेसवर येण्याचं प्रमाण .४१६. त्या वर्षी सगळ्या मेजर लीगचं तेच प्रमाण .३२० होतं.

.४१६ गुणिले २१६ म्हणजे जवळजवळ ९०. पिचरच्या बाजूनं .३२० गुणिले १०८, साडेचौतीस. उरले साधारण ५५. म्हणजे अकुन्याच्या कार्डावर १०८ पैकी पंचावन्नच्या आसपास दानं बेसवर नेणारी असायला हवीत. होमरन याच रीतीनं साडेआठच्या वर, डबल साडेपाच, वॉक आणि अंगाला लागलेले मिळून साडेपंधरा, बाकी सिंगल. वजनं लावली तर एकूण ५८ च्या पुढे. त्याच वर्षीच्या सरासरी बॅटरला हा हिशेब ३५ च्या जवळ आणतो. हा माझा कागदावरचा अंदाज आहे, कार्डावर छापलेले आकडे नव्हेत. पण मोजलेलं कार्ड अशा अंदाजापासून दूर गेलं तर आधी आपली मोजणी तपासा, मग मैदानाच्या खुणा बघा. त्यांच्याकडे पुढे वळू.

यातून माप मिळतं. ३५ म्हणजे सरासरी, चाळीसच्या वर चांगला, पन्नासच्या वर तारा.

आता दुसरं कार्ड घ्या. कार्ल यास्त्रेम्स्की, बॉस्टन रेड सॉक्स, १९६८. त्या वर्षी .३०१ ची बॅटिंगची सरासरी अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वांत वर होती, कारण तो पिचरांचा हंगाम होता आणि संपूर्ण लीग .२३० वर झोपली होती. यास्त्रेम्स्कीचं बेसवर येण्याचं प्रमाण .४२६, लीगचं .२९७. हिशेब करा : .४२६ गुणिले २१६ म्हणजे ९२, वजा .२९७ गुणिले १०८ म्हणजे ३२. उरले ६०. अकुन्यापेक्षा प्रमाण फक्त दहा सहस्रांशानं जास्त, पण कार्डावर पाच दानं जास्त.

फक्त १९६८ ची लीग खेळत असाल तर या पाच दानांचं अप्रूप नाही, कारण समोरचे पिचरही १९६८ चे कंजूष असतील. पण वेगवेगळ्या वर्षांची कार्डं एकत्र करून खेळणाऱ्या लीगमध्ये हा फरक रोकडा आहे. पिचरांच्या वर्षातला चांगला बॅटर अशा लीगमध्ये नेहमी स्वस्तात मिळतो, कारण लोक .३०१ वाचतात आणि पुढे जातात. मी अशा लीगमध्ये पहिल्यांदा १९६८ च्याच गठ्ठ्यातून हात फिरवतो.

रीत उलटीही चालते. बॅरी बॉन्ड्सचं २००४ सालचं बेसवर येण्याचं प्रमाण .६०९ होतं, २३२ वॉक. ते जसंच्या तसं कार्डात उतरवायचं म्हटलं तर १०८ पैकी ९५ च्या आसपास दानं बेसवर नेणारी लागतील. त्यातले १२० वॉक पिचरांनी मुद्दाम दिलेले होते. तेव्हा असं कार्ड हातात घेताना तुमच्या लीगचा मुद्दाम-वॉकचा नियम काय आहे ते आधी विचारा.

पायरी पाचवी : चौकटी आणि त्रिकोण

कार्डावर काही होमरनपुढे चौकटीची खूण असते, काही सिंगलपुढे उलट्या त्रिकोणाची. हे मैदानाचे निकाल. चौकट आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. तुम्ही खेळताय त्या मैदानाचा आकडा समजा १–८ असेल, तर आठपर्यंत पडलं की होमरन, नाहीतर झेल. त्रिकोणाचंही तसंच, हुकला तर लाइनआउट. डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरसाठी मैदानाचे आकडे वेगळे असतात.

एका कार्डावर चौकटीची पाच दानं आहेत असं धरा. १–८ च्या मैदानावर त्यांची किंमत दोन होमरन. १–१८ च्या मैदानावर साडेचार. अडीच दानांचा फरक, ६५० पाळ्यांच्या हंगामात सात-साडेसात होमरन. पण सगळे सामने घरी होत नाहीत, तेव्हा निम्मे धरा : पावणेचार. पहिल्या पायरीच्या मोजणीत चौकट दिसली की पूर्ण होमरन न धरता तुमच्या घरच्या मैदानाचा आणि लीगच्या सरासरी मैदानाचा मध्य घ्या.

खरेदी करताना हीच गोष्ट फायद्याची होते. डेन्व्हरचं कूर्स फील्ड हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथे खेळणाऱ्याचे खरे आकडे फुगलेले असतात, आणि कार्ड बनवताना त्यांतला बराच भाग चौकटी-त्रिकोणांवर टाकला जातो. असं कार्ड घेऊन तुम्ही छोट्या आकड्यांच्या मैदानावर खेळलात तर जाहिरातीतला माणूस तुम्हाला मिळणार नाही. उलट मोठ्या, होमरनला हात आखडणाऱ्या मैदानातल्या बॅटरच्या कार्डावर चौकटी नसलेले, पक्के होमरन किती आहेत ते बघा. ते कुठेही चालतात.

पायरी सहावी : पाय

धावण्याचा आकडा १–८ पासून १–१७ पर्यंत असा छापलेला असतो. दुसऱ्या बेसवरून सिंगलवर घरी पळायचं असेल तर त्यात समोरच्या आउटफिल्डरच्या हाताचा, म्हणजे फेकीचा, आकडा मिळवायचा. पळणारा १–१७ आणि हात उणे चार, तर वीस बाजूंच्या फाशावर तेरापर्यंत सुखरूप. पासष्ट टक्के. दोन आउट असताना यापेक्षा कमी शक्यतेवरही पळावं, एकही आउट नसताना पळू नये.

चोरीचा आकडा वेगळा. तिरक्या रेघेआधीची दोन फाशांची दानं चांगला लीड (बेस सोडून आधीच पुढे सरकण्याची संधी) देतात, कंसातला पहिला आकडा लीड मिळाल्यावर वीसपैकी किती वेळा यश ते सांगतो, दुसरा लीड नसताना. पुढे तारा असेल तर धावपटूला पहिल्या बेसवर बांधून ठेवलं नसेल, म्हणजे क्षेत्ररक्षक तिथे बेसला चिकटून उभा नसेल, तेव्हा लीड आपोआप. लीडची दानं मोजताना पुन्हा ३६ आठवा : २ ते ६ म्हणजे पाच आकडे दिसतात, पण दानं १५ होतात. मग कॅचरचा (बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्याचा) हात आणि धावपटूला रोखून धरण्याची पिचरची पकड यानं आकडा खाली-वर होतो. सरासरी कॅचर धरून यशाचं प्रमाण सत्तरच्या वर राहतं का, तेवढं बघा. राहत नसेल तर चोरी हा तोट्याचा धंदा आहे.

आणि भाव? एक चोरी ०.२ धावेची, पकडला गेला तर ०.४ पेक्षा थोडं जास्त नुकसान. अकुन्याच्या ७३ यशस्वी आणि १४ फसलेल्या चोऱ्यांचा हिशेब जेमतेम ९ धावांपर्यंत येतो. २०२३ मध्ये बेस मोठे केले होते आणि पिचरनं पहिल्या बेसकडे वळण्यावर मर्यादा आल्या होत्या. सगळ्या लीगचंच यश ८० टक्क्यांवर गेलं होतं, त्यामुळे त्या हंगामातली चोरीची चांगली कार्डं दुर्मीळ नाहीत. चोऱ्यांच्या मोठ्या आकड्याला भुलून जादा पिचर देऊ नका. मला पळणारे खेळाडू मनापासून आवडतात, म्हणूनच हे इतक्या जोरानं सांगतो आहे.

पायरी सातवी : मैदानातलं काम

क्षेत्ररक्षणाची श्रेणी १ ते ५. एक सर्वोत्तम. शेजारी हाताचा आकडा, उणे जितका मोठा तितका चांगला, आणि चुकांचा आकडा.

ही श्रेणी कधी कामाला येते? पिचरच्या कार्डावर काही ओळींत एक्स असतो आणि कोणाकडे चेंडू गेला ते लिहिलेलं असतं. पिचरच्या १०८ दानांत असे एक्स ३० असतात : शॉर्टस्टॉपला सात, दुसऱ्या बेसला सहा, सेंटर फील्डला (आउटफिल्डच्या मधल्या जागेला) तीन, लेफ्ट आणि राइटला प्रत्येकी दोन, बाकी इतरांना. एका सामन्यात समोरच्या संघाच्या ३८ पाळ्या धरल्या तर १६२ सामन्यांत सेंटर फील्डरकडे सुमारे ८५ एक्स येतात, राइट फील्डरकडे ५७, शॉर्टस्टॉपकडे २०० च्या जवळ.

यापुढचं काम तुमच्याकडच्या क्षेत्ररक्षण तक्त्यावर करायचं. तुमच्या ताऱ्याची श्रेणी आणि राखीव खेळाडूची श्रेणी शेजारी ठेवून, वीसपैकी किती दानांवर एकाला झेल आणि दुसऱ्याला हिट मिळतो ते मोजा. समजा चार दानांचा फरक निघाला. सेंटर फील्डला ८५ गुणिले ४/२०, म्हणजे १७ हिट वाचले. एका वाचलेल्या हिटची किंमत पाऊण धाव किंवा थोडी जास्त, तेव्हा हंगामात तेरा धावा. राइट फील्डला तोच फरक साडेआठ-नऊ धावांचा.

यातून दोन गोष्टी निघतात. सेंटर फील्डला एक श्रेणीचा खेळाडू चोरीच्या राजापेक्षा जास्त देऊ शकतो. आणि बॅटनं ५६ गुणांचा राइट फील्डर चार श्रेणीचा असला म्हणून नाकारू नये. कार्डावर दोन-तीन जागा लिहिलेल्या असतील तर प्रत्येक जागेची श्रेणी वेगळी वाचा. लेफ्टला दोन असलेला माणूस सेंटरला तीन असू शकतो.

हाताचा आकडा राइट फील्डला जास्त महत्त्वाचा, कारण पहिल्यावरून तिसऱ्याकडे पळणारा तिथेच अडवायचा असतो. उणे पाचच्या हातासमोर लोक पळायचंच टाळतात. वाचलेला बेस धावफलकावर कुठे नोंदला जात नाही, पण दोन हंगाम अशा माणसासोबत खेळलात की त्याची किंमत कळते.

इजेची ओळ एकदा पाहून घ्या : ती सातव्या ओळीजवळ असेल तर राखीव खेळाडू चांगला ठेवा. बंट (बॅटनं नुसता टेकवलेला चेंडू) आणि हिट-अँड-रन (धावपटू आधीच पळत असताना मारलेला फटका) यांची अक्षरं ताऱ्याच्या बाबतीत सोडून दिली तरी चालतील. ५६ गुणांच्या माणसाला बंट करायला लावायचा नसतो.

पायरी आठवी : किती द्यायचं

आता अंगठा काढा, नाव बघा, आणि तरीही कागदावरचाच आकडा धरा.

ताऱ्याची किंमत शून्यापासून मोजू नका. तो नसता तर त्या जागी कोण खेळला असता, तिथपासून मोजा. तुमच्या बाकावरचा आउटफिल्डर ४२ गुणांचा आहे, तारा ५६ चा. फरक १४. भागिले २१६, गुणिले ६५० पाळ्या, येतात ४२. वजनांचं माप धावांत आणायला १.२ नं भागा : ३५ धावा. त्यात मैदानातला आणि पायांचा फरक मिळवा किंवा वजा करा. समजा राइट फील्डला तो तुमच्या बाकावरच्या खेळाडूपेक्षा वाईट आहे, वजा ९. चोरीचे अधिक ६. उरल्या ३२ धावा. साधारण दहा धावांमागे एक विजय हे बेसबॉलमधलं जुनं माप आहे, तेव्हा हंगामात तीन विजयांच्या थोडं वर.

मग जे पिचर द्यायचे आहेत त्यांची कार्डं घ्या आणि त्यांचीही १०८ दानं याच वजनांनी मोजा, फक्त तिथे कमी आकडा चांगला. पिचरच्या मोजणीत एक्सच्या ओळी तुमच्या स्वतःच्या क्षेत्ररक्षकांच्या श्रेणीनं वाचायच्या, समोरच्या मॅनेजरच्या नाही. तो पिचर समोरच्याच्या शॉर्टस्टॉपच्या साथीनं जितका चांगला ठरेल तितका तुमच्या शॉर्टस्टॉपच्या साथीनं ठरेलच असं नाही. दोन्ही बाजूंच्या धावा एकाच कागदावर आल्या की बोलणी सुरू करा. माझ्या त्या पहिल्या हंगामातल्या अदलाबदलीचा हा कागद मी नंतर केला : आलेल्या खेळाडूच्या ११ धावा, गेलेल्या दोन पिचरांच्या ४०. तो अजून कार्डांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, आणि कोणी फोनवर अदलाबदल सुचवली की मी आधी डबा उघडतो आणि मग उद्या सांगतो म्हणतो.